अम्मीच्या तळहातावरचे ठिपके

"मेंदी कुणी काढली?" नगरच्या दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी अम्मीचा हात उजेडात धरून विचारलं. मी म्हटलं, मीच, बकरी ईदच्या आदल्या दिवशी.

"मग हे ठिपकेही तुझेच?"

मी वाकून पाहिलं. मी नुसती वेल काढली होती. ठिपका एकही नव्हता.

अम्मीला ताप ईदनंतर तिसऱ्या दिवशी आला. आमच्या तिसगावातल्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरायचा, पुन्हा चढायचा. डोकं ठणकत होतं, अंग मोडून आलं होतं. तापाच्या चौथ्या दिवशी तळहात लालसर दिसले. मला वाटलं, मेंदीचाच रंग आहे. पायांनाही मेंदी होती, त्यामुळे तळव्यांकडे कुणी पाहिलंच नाही. आणि म्हणे मी बी.एस्सी.ला शिकते! सहाव्या दिवशी अम्मी बरळू लागली. मला आपा म्हणायला लागली. आपा म्हणजे तिची वारलेली थोरली बहीण. तेव्हा आम्ही नगर गाठलं.

मॅडमनी विचारलं, घरी जनावर आहे का? ईदचा बकरा महिनाभर अंगणात होता. अम्मी रोज लाडाने त्याच्या कानातल्या गोचिडी बोटांनी उपटायची आणि नखावर चिरडायची. आमच्याकडे सगळेच असं करतात.

मॅडम म्हणाल्या, हा टिक टायफस असावा, म्हणजे गोचिडीमुळे येणारा ताप. टायफॉइड वेगळा. यात मनगट-घोट्यांवर उठलेलं पुरळ तळहात-तळव्यांवरही येतं. गुंगी, बरळणं ही आजार वाढल्याची खूण. रिपोर्टसाठी न थांबता त्यांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं.

दोन दिवस मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर होते. अम्मी मला न ओळखताच जाईल, एवढी एकच भीती मनात होती.

तिसऱ्या सकाळी ताप उतरला. अम्मी माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "सना, लई वाळलीस गं. काय खाल्लं न्हाई व्हय?"

मी तिच्या कुशीत तोंड खुपसून रडले.

तुमच्या घरी कुणाचा ताप हटत नसेल तर तळहात, तळवे नीट बघा. मेंदी असेल तर जास्तच बघा. घरात जनावर असेल तर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका, आपणहून सांगा. गोचीड बोटांनी चिरडू नका, तिच्यातूनच हा रोग अंगात शिरू शकतो; चिमट्याने काढा.

अम्मी आता ठणठणीत आहे. दिवसातून वीसदा मला हाक मारते, बहुतेक वेळा रागावूनच. पूर्वी मी तिसऱ्या हाकेलाही हलत नसे. आता पहिलीलाच उठते.