रिव्हॉल्व्हरचा तक्ता

गेल्या वर्षी मार्चमध्ये, एका शनिवारी, माझ्या मोठ्या भावाने जवळ बाळगण्यासाठी रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. तो पुण्यात राहतो. कोणतं घ्यायचं याचा तक्ता नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनला, आमच्या जेवणाच्या टेबलावर, माझ्या नवऱ्याने केला.

आमच्याकडे ही पद्धतच आहे. माहेरी मोठी खरेदी निघाली की जावयाकडून एक्सेल येतं. गाडी, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन असंच घेतलं गेलं.

दादा सोसायटीचा सचिव. पाण्याच्या टँकरचा ठेका त्याने बंद केला, तेव्हा दोघांनी गाडी अडवून त्याला हातपाय तोडायची धमकी दिली. पोलिसांनी तक्रार अदखलपात्र म्हणून नोंदवली. तपास झाला नाही. पुढे तीच नोंद जोडून त्याने अर्ज केला आणि परवाना मिळाला. तपासाला अपुरी पडलेली धमकी शस्त्राला पुरली. दोन्ही कागद मी स्वतः वाचले आहेत.

“जावईबापू, दुकानदाराने चारला बोलावलंय. आटपा,” दादा फोनवर म्हणाला. आमच्याकडे सकाळचे दहा वाजले होते, पुण्यात दुपारचे अडीच.

“दादा, तुझ्या घरात आठ वर्षांची पोरगी आहे,” मी म्हणाले.

“तू तिकडे सायकली फिरव. एक दिवस माझ्या गाडीत बस, मग शिकव.”

“आयुष्यात किती गोळ्या झाडल्यास?”

“ट्रेनिंगचा दाखला आहे माझ्याकडे. जावईबापू, हिला चहा द्या हो जरा.”

नवरा हसला. मी हसले नाही.

साडेदहाला त्याने तक्ता पाठवला. तीन रिव्हॉल्व्हरं, प्रत्येक मुद्द्याला दहापैकी गुण. वजन, लांबी, गोळ्या, कमरेला किती दिसतं. अकराला मी तो वाचला. नववी ओळ होती : ‘मुलांना वापरायला सोपं’. नवऱ्याने वॉशिंग मशीनचा जुना तक्ता कॉपी केला होता. ओळ काढायची राहिली होती. राहिली एवढंच नाही, त्याने तिथे गुणही भरले होते. सर्वांत हलक्या चापाच्या रिव्हॉल्व्हरला नऊ. त्या नऊ गुणांवर ते पहिलं आलं होतं.

“तू हे वाचलंस तरी का?”

“ओळ होती, भरली. चाप हलका म्हणजे सोपं, असं...” तो थांबला.

“कोणाला सोपं? म्हण ना. कोणाला?”

त्याने तक्ता पुन्हा उघडला. मी दादाला चार फोन केले. त्याने उचलले नाहीत. सव्वाअकराला नवऱ्याने दुरुस्त तक्ता पाठवला. त्यात ते रिव्हॉल्व्हर तिसरं होतं. दादाने तो आमच्या एक वाजता उघडला. त्याआधी वीस मिनिटं पावतीचा फोटो घरच्या ग्रुपवर आला होता. पावतीवर जुन्या तक्त्यातलं पहिलं मॉडेल होतं.

“बदलून घे,” मी लिहिलं.

“वॉशिंग मशीन आहे का ते?” दादाचं उत्तर आलं.

नवऱ्याशी मी चार दिवस बोलले नाही. पाचव्या दिवशी वहिनीला फोन केला आणि ते कुठे ठेवलंय एवढंच विचारलं. बेडरूमच्या कपाटात, वरच्या खणात, असं ती म्हणाली. कपाटाला कुलूप नाही.