वेल्ह्याला नेलेली तेलाची बाटली

माघ लागला तशी मी घरात जाहीर केलं, "मी वेल्ह्याला निघाले." यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता विचारलं, "पुन्हा? कार्तिकात तर तोरणा चढून आलीस." म्हटलं, "या खेपेला गड नाही. हौसाला बघायचंय."

कार्तिकात आमच्या शाळेतल्या तिघी शिक्षिका तोरण्याला गेलो होतो आणि पायथ्याच्या वाडीत सगुणाच्या घरी उतरलो होतो. हौसा ही सगुणाची पाच वर्षांची लेक. दिवेलागण झाली की पोर भिंत चाचपत चालायची, पुढ्यातली भाकरी तिला दिसायची नाही. मी मुलींना आहारशास्त्र शिकवते. हा रातांधळेपणा, अ जीवनसत्त्व कमी पडल्याचा, हे मला तिथल्या तिथं कळलं. डोंगरात अशी पोरं असतात हे ऐकून होते, म्हणून एका डॉक्टरांकडून मुशी माशाच्या तेलाची बाटली मागूनच नेली होती. लढाईमुळे परदेशी तेल मिळेनासं झाल्यापासून हेच मिळतं, आणि गुणाला ते कमी नाही.

अडचण एकच होती. हौसाचे आजोबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात मासळीचा वाससुद्धा नाही. माशाचं तेल म्हटलं तर बाटली उंबऱ्याबाहेर जाईल, असं माझं मीच ठरवून टाकलं. बाटलीवरचा कागद नखानं खरवडला आणि सगुणाला सांगितलं, "झाडपाल्याचं पौष्टिक तेल आहे. रोज चमचाभर अंबिलीत घाल." ती म्हणाली, "वास लई वंगाळ हाय." "औषधाला वास असायचाच," म्हणून मी मोकळी झाले. पुण्यात येऊन चार जणींना ही युक्ती सांगितली आणि शाबासकीही घेतली. आता दुसरी बाटली पिशवीत होती आणि पोर अंधारात धावताना बघायची घाई झाली होती.

जाणाऱ्यांसाठी सांगते: सकाळची पहिलीच मोटार धरा. पेट्रोल मिळत नाही, त्यामुळे मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी बांधलेली असते, आणि कात्रजच्या घाटात ती दमली की उतारूंनी खाली उतरून चालायचं. नसरापूरपर्यंत दहा आणे देऊन वर घाटही आपल्याच पायांनी चढायचा! माझ्या शेजारी किकवीची एक म्हातारी बसली होती. दोनदा नाक ओढून तिनं विचारलं, "बाय, पिशवीत सुकट हाय का?" सगळी मोटार हसली. मीही हसले. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता, पण आपण शिकलेल्या ना!

नसरापूरला बनेश्वराच्या झाडीत डबा सोडावा. पाणी गोड आहे आणि सावली दाट. पुढं वेल्ह्यापर्यंत बैलगाडी दीड रुपयात ठरते, पण गाडीवान आधी अडीच सांगतो. रस्ता दगडगोट्यांचा, अंगातलं हाडन् हाड मोजून घेतो. भातं निघालेली, खाचरांत पावट्याचे वेल, आणि डाव्या-उजव्या हाताला डोंगर जवळ सरकत येतात. मुक्काम विंझरला एका ओळखीच्या घराच्या पडवीत केला. नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं, वर हिरवी मिरची. इतकी छान झोप पुण्यात लागत नाही.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा वाडीत पोचले. सगुणा गोठ्यात शेण भरत होती. मला पाहून एरवी धावत आली असती. या खेपेला पाटी हातात धरून तशीच उभी राहिली. हौसा ओटीवर भिंतीकडं तोंड करून बसली होती. "हौसे, बघ कोण आलंय," म्हणून मी तिची हनुवटी फिरवली. उजव्या डोळ्यावर पांढरं फूल पडलं होतं. डावा डोळा ती उजेडात उघडेना.

"पुसाच्या म्हैन्यात गोवर आली, बाई," सगुणा म्हणाली. "ताप उतरला, पर डोळं चिकटलं. मग ह्यो असा झाला."

"अगं, आणि तेल? तेल देत होतीस ना?"

"व्हय तर. तुमी अंबिलीत घाल म्हनला. म्या रोज चमचा घातला मोठ्या मडक्यात."

"मोठ्या मडक्यात? सगळ्यांच्या?"

"येका पोराला येगळं वाडून कसं द्यायचं? बाकीची तोंडाकडं बघत्यात, दिष्ट लागती. आन् तुमी पौष्टिक म्हनला. मग जावंच्या पोरांस्नी बी दिलं, मामंजींस्नी बी दिलं."

नऊ माणसांचं मडकं आणि त्यात एक चमचा! हौसाच्या वाटणीला काय आलं असेल ते मला फळ्यावर गणित मांडून कळायला नको होतं. सगळ्यांच्या अंबिलीत कालवायचं हे तिचं बरोबरच होतं. पण नऊ जणांसाठी मग तेल नऊपट हवं होतं, आणि तेल म्हणजे काय हे तिला माहीत हवं होतं. मला राग आला. रागावणार कुणावर?

"मग माजा भाव आला महाडास्नं," ती पदर चाळवत हलक्या आवाजात म्हणाली. "त्यानं बूच काडल्या काडल्या सांगितलं, ही तर मुशी! बाई, मामंजींच्या पोटात म्या मासळी घातली. कुनाला न सांगता नदीला वतून आले समदं. दोन हप्त्यांनी गोवर आली."

ती रडली नाही, मीच रडले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त अवलक्षण दुसऱ्याच्या पोरीच्या डोळ्यावर उमटलं.

आजोबा रानातून आले. सगुणानं माझ्याकडं पाहून मान हलवली, सांगू नका म्हणून. पण एकदा लपवून झालं होतं, तेवढं पुरे होतं. मी सगळं सांगितलं: मासा, खरवडलेला कागद, अंबील. सुनेचा दोष नाही, माझा आहे, हेही. म्हातारबा माझ्याकडं वळले.

"बाई, मला का न्हाई इचारलं?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं, आबा."

"म्हनलो असतो एकदा. मग सांजच्याला ही पोर खांबावर आपटली असती आन् म्या माळ उतरून ठिवली असती. तिची वाटी येगळी केली असती. देवाला काय सांगायचं त्ये माजं मी सांगितलं असतं." मग म्हणाले, "आमी अडानी हाय. पर आमाला पोर नको झालीया व्हय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. वीस वर्षं मुलींना शिकवते, पण हा प्रश्न कुणी मला विचारला नव्हता.

त्याच गाडीनं आम्ही भोरला निघालो, मी, आबा आणि हौसा. नसरापूर, मग कापूरहोळच्या फाट्यावरून आत. दीड दिवस लागला. वाटेत विंझरला आबांनी माझ्या हातातली बाटली मागून घेतली, चमचा भरला आणि नातीच्या तोंडाशी धरला. तिनं थूः केलं. "गिळ, माय," म्हणाले, आणि तिच्या हनुवटीवर ओघळलेलं तेल बोटानं पुसून पुन्हा तिच्या तोंडात घातलं. त्यांच्या गळ्यात माळ नव्हती. इतकी वर्षं ती जिथं होती तिथं कातडीवर फिकट पट्टा होता.

भोरच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं. उजवा गेला; हे सत्त्व अंगात कमी असताना गोवर आली की असंच होतं. डाव्याचं बुबुळ कोरडं पडू लागलंय, पण आठवडाभर नेमानं औषध घेतलं तर राहील. मग त्यांनी आबांना विचारलं, दारात काय काय उगवतं? शेवगा, तांबडा माठ, भोपळा. पोरांना देता का? "पाला पोरांस्नी पचत न्हाई म्हनून मोटी मानसंच खात्यात," आबा म्हणाले. डॉक्टरांनी तिथंच समजावलं, यातही तेच सत्त्व आहे, कोवळा पाला शिजवून घोटून द्यायचा, वर थेंबभर गोडं तेल. हे सांगणं माझं काम होतं. कार्तिकात मी त्या शेवग्याला पाठ टेकून चहा प्यायले होते.

भोरला सहा दिवस राहिले. बाजारपेठ, नदीचा घाट, सगळं बघण्यासारखं आहे म्हणतात. मी दवाखाना तेवढा पाहिला. सातव्या दिवशी हौसानं डाव्या डोळ्यानं माझ्या साडीचे काठ न्याहाळले आणि विचारलं, "ह्यो मोर हाय का?" मोरच होता.

त्या दोघांना वेल्ह्याच्या गाडीत बसवून मी घरी आले. सासूबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "मग, तुझ्या तेलानं डोळे वाचले का गं पोरीचे?"

"एक वाचला," मी म्हटलं.

"आणि दुसरा?"

"गोवर आली होती," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच सांगून मी आत गेले, आणि बाकीचं आज इथं पहिल्यांदा सांगते आहे.