सासुरवाडीत बग सापडत नाहीत

"या आठ जणांपैकी एक जण पाणी चोरतोय," असं म्हणून मी लॅपटॉपचा पडदा सगळ्यांकडे फिरवला आणि थांबलो.

असं नाट्यमय थांबणं मला फार आवडतं. ऑफिसात बावीस वर्षं प्रेझेंटेशन देतोय, पण तिथं ही हौस भागत नाही. तिथं मी थांबलो की पलीकडून लोक म्हणतात, "तुमचा आवाज येत नाहीये."

इथं मात्र प्रेक्षक समोर सतरंजीवर बसलेले होते. आठ शेतकरी आणि त्यांचा वॉल्व्हमन बाबूतात्या. त्यांच्या पाणी-गटाचे अध्यक्ष आप्पा पंख्याकडे बघायला लागले. माझे सासरे तंबाखू मळत होते, ते मळतच राहिले. मला वाटलं, वा! काय परिणाम साधला!

आता थोडं मागचं सांगतो.

मी प्रोग्रॅमर आहे. घर सांगलीत, कंपनी पुण्यात, आणि ज्यांच्यासाठी काम करायचं ते लोक कुठल्या देशात आहेत हे मलाही धड माहीत नसतं. वर्षभर आम्ही चौदा माणसं एका वेबसाइटवरचं एक बटण उजवीकडून डावीकडे नेत होतो. ते डावीकडे गेलं. मग वरून निरोप आला, की पूर्वीचं बरं होतं. पगार वेळेवर होतो, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही. पण माणसाला पन्नाशी जवळ आल्यावर वाटायला लागतं, की आपण केलेलं काहीतरी एकदा तरी कोणाच्या उपयोगी पडावं. असं वाटणं धोक्याचं असतं. त्या भरात माणूस सासुरवाडीला सॉफ्टवेअर करून देतो.

माझी सासुरवाडी कोरेगावच्या पुढं. सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा आणि आणखी सात जणांनी मिळून नदीवर एक पंप बसवलाय. दिवसा आठ तास वीज. तेवढ्या वेळात पंप पाणी टेकाडावर चढवतो आणि तिथून ते प्रत्येकाच्या ठिबकला जातं. आठ रानं, आठ वॉल्व्ह, रोज प्रत्येकाला एक तास. वॉल्व्ह म्हणजे मोठी तोटीच. ती उघडायची आणि बंद करायची, हे बाबूतात्यांचं काम. दिवाळीत जेवताना मामा म्हणाले, "तात्याचं गुडघं गेल्यात. दिसातनं आठ खेपा हुत्यात बांधावरनं."

मी हातातला लाडू खाली ठेवला आणि म्हणालो, "हे मी फोनवर करून देतो."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिनं घरातला गिझर दुरुस्त करतानाही मला पाहिलेलं आहे.

पण मी केलं. मार्चमध्ये विजेवर उघडणारे आठ वॉल्व्ह बसवले, एका पेटीत सिमकार्ड टाकलं, आणि त्यांना हुकूम देणारं ॲप लिहिलं. लिहिण्याआधी रीतसर रिक्वायरमेंट घेतल्या. रिक्वायरमेंट म्हणजे, जो माणूस ते काम रोज करतो त्याला विचारायचं, बाबा रे, तू नेमकं काय करतोस? तात्यांबरोबर मी पूर्ण लाइन चाललो. तात्या बोलत होते, मी वहीत लिहीत होतो. मधून मधून पुण्याहून मॅनेजरचा फोन येत होता, तोही घेत होतो. तात्यांनी सांगितलेलं बरंचसं मी पहिल्या भागात घेतलं. जे किचकट वाटलं, ते फेज टूमध्ये टाकलं. फेज टू म्हणजे दुसरा टप्पा. आमच्या धंद्यात एखादी गोष्ट करायची नसेल आणि तसं तोंडावर म्हणायचंही नसेल, तर ती फेज टूमध्ये टाकतात. मी आजवर कुठल्याही प्रोजेक्टची फेज टू पाहिलेली नाही.

मग टेस्टिंग. केलेलं काम कुठं चुकतंय हे शोधणं म्हणजे टेस्टिंग, आणि सापडलेली चूक म्हणजे बग. आमच्या कंपनीत एक टेस्टर बाई आहेत. त्या सकाळी चहा संपायच्या आत माझ्या कामातले सहा बग काढतात आणि वर हसून 'गुड मॉर्निंग' म्हणतात. इथं मात्र गंमत झाली. मी ग्रुपवर विचारलं, काही अडचण आहे का? उत्तरं आली: 'एक नंबर.' 'लय भारी.' 'जावईबापू, नाद न्हाई करायचा.' अडीच महिने झाले, एकही बग नाही. माझ्या नोकरीत असं कधी घडलं नव्हतं. वाटलं, आपल्यातला खरा प्रोग्रॅमर आजवर त्या बटणाखाली दबलेला होता.

एक गोष्ट खटकली होती. मी गेलो की मामा मला हमखास रानात नेतात. त्यांना प्रत्येक वाफा दाखवायचा असतो. या मे महिन्यात त्यांनी तीस गुंठे आलं लावलं होतं. बेणं घरचं, वर्षभर निगुतीनं जपलेलं. एकदा ते सुकलं की दुसरं तसलं मिळत नाही, हे त्यांनीच मला कितीदा ऐकवलेलं. तरी त्या खेपेला म्हणाले, "आत बसा पाव्हणं. ऊन लय हाय." मी बसलो. उन्हाची काळजी मामांनी पूर्वी कधी केली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं, पण तेवढ्यात पुरणपोळी आली.

मेच्या शेवटी एका ऑफिस मीटिंगमध्ये कंटाळून मी पंपाचे लॉग उघडले. लॉग म्हणजे यंत्राची रोजनिशी. कधी काय उघडलं, कधी बंद झालं, सगळं त्यात आपोआप उतरतं. त्यात दिसलं, की चार वाजता शेवटची पाळी संपल्यावर कोणीतरी हातानं बटण दाबून एक नंबरचा वॉल्व्ह परत उघडतं. आमच्याकडे वीज कधी दहा, कधी पंधरा मिनिटं जास्त राहते. तेवढा वेळ रोज पाणी जात होतं. न चुकता.

एक नंबर कोणाचा, हे मला माहीत नव्हतं. नंबर मी दिले होते, नावं आप्पांच्या वहीत होती. लाइन मागच्या बांधानं जाते, मामांचं रान मी नेहमी रस्त्याकडून पाहिलेलं. आणि खरं सांगायचं तर विचारायची गरजच वाटली नाही. प्रोग्रॅमरला आठ माणसं दिसत नाहीत, आठ ओळी दिसतात.

शनिवारी गाडी काढली आणि मीटिंग बोलावली.

"जाऊ द्या की, जावईबापू," आप्पा पंख्यावरची नजर न काढता म्हणाले. "च्या घ्या."

"चहा नंतर. वॉल्व्ह नंबर एक. रोज, चार वाजल्यानंतर." मी एकेका तारखेवर बोट ठेवत गेलो. "कोणाचा आहे एक नंबर?"

कोणीतरी खाकरलं. मामांनी तंबाखूची चिमूट तोंडात न टाकता तशीच डबीत परत ठेवली.

"माझा हाय," ते म्हणाले.

लॅपटॉप धरलेला हात किती वेळ वर ठेवायचा, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

"बटन मी दाबतो," मागून बाबूतात्या म्हणाले.

"मीच सांगितलंय त्याला," मामा घाईनं म्हणाले. "त्याची काय चूक न्हाई."

"आरं कवा सांगितलंस?" तात्या उसळले. "खोटं कशाला बोलतूस, गड्या? तू त्वांड उघडलं असतंस तर ही येळ आली असती व्हय?" मग माझ्याकडे वळले. "जावईबापू, राग मानू नका. पर तुमचं मशिन रोज पयल्यापास्नं चालू करतंय."

"बरोबर. एक, दोन, तीन, चार."

"पंप बंद झाला की पायपातलं पाणी माघारी नदीला जातंय. सकाळी वीज आली की आदी पायप भरायचा. पंचवीस मिनटं. तवर पयल्याच्या नळ्यात नुसती हवा. तासातलं ऱ्हातंय किती? निम्मं. आन् रोज त्येच रान पयलं."

मी मनात हिशेब केला. करायला फार काही नव्हतं. सात जणांना पूर्ण तास मिळत होता आणि पाइप भरायचा सगळा भार एकटे मामा सोसत होते. का? तर एक हा आकडा दोनच्या आधी येतो म्हणून.

"मग अडीच महिने कोणी बोललं का नाही? मी ग्रुपवर इतक्यांदा विचारलं!"

यावर सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी आप्पांनी हात वर केला.

"आवं, गावचा जावई तुमी. सुट्टी काढून, पदरचं घालून करून दिलंत. तुमची चूक काढायची? आन् ती बी सासऱ्यानं? ह्यो मानूस तर गावभर सांगत हिंडत हुता, आमच्या जावयानं केलंय म्हनून."

"चालू हाय की सगळं," मामा पुटपुटले. "दोन टिपं इकडं, दोन टिपं तिकडं."

मी म्हणालो, "मामा, रान दाखवा."

"ऊन हाय."

"असू दे."

आल्याचे गादीवाफे असतात, उंच आणि लांब. मेच्या उन्हात कोंब वर यायचे तर वाफा सतत ओला लागतो. मामा मला बरोबर त्या कोपऱ्यात घेऊन गेले जिथं हिरवे कोंब दिसत होते, आणि पाठ पलीकडे करून उभे राहिले. "हिकडं झ्याक उगवलंय बघा," म्हणाले. त्यांच्या पाठीमागं मधले सगळे वाफे पांढरे फटक पडले होते. तिथं माझ्या सासूबाई घागर घेऊन वाकलेल्या. मला पाहिल्याबरोबर त्यांनी पदर सावरला आणि घागर पाठीमागं धरली. जणू जावयानं घागर पाहणं अशुभ असतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ह्ये आपलं… हात-पाय मोकळं हुत्यात," त्या म्हणाल्या.

मी बांधावर बसलो आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. एक ओळ बदलायची होती. आज सुरुवात एकपासून, उद्या दोनपासून, परवा तीनपासून. म्हणजे पाइप भरायचा भार आठ दिवसांत प्रत्येकावर एकदा येतो. चार मिनिटं लागली. कंपनीत याच कामाला आधी दोन मीटिंगा झाल्या असत्या, आणि चुकीला जबाबदार कोण याची तिसरी. इथं तिसरीची गरज नव्हती.

एवढं करून तात्यांना विचारलं, "पूर्वी तुम्ही कसं करत होता?"

"आसंच. रोज सुरवात बदलायची. सांगितलं हुतं की तुमास्नी."

गाडीतून वही आणली. तिसरं पान. माझंच अक्षर: 'रोज सुरुवात बदलायची. का? फेज टू.' त्या 'का'चं उत्तर ऐकायच्या आधी पुण्याचा फोन आला असणार. बटण डावीकडे की उजवीकडे, याबद्दल.

पुढचं थोडक्यात. पुढचे पंधरा दिवस बाकीच्या सातही जणांनी आपापल्या तासातली दहा दहा मिनिटं मामांना दिली. हे ॲपमध्ये नव्हतं, मी घातलं. वाफे भिजले. अर्ध्याहून थोडं जास्त आलं वर आलं, बाकीचं बेणं मातीतच सुकून गेलं. मोकळ्या जागेत मामांनी घेवडा टोकला. पुढच्या वर्षीसाठी बेणं निघेल, पण यंदाचं जवळजवळ निम्मं पीक गेलं ते गेलंच. मामा याला 'थोडंसं कमी पडलं' म्हणतात. जावयाशी बोलायची त्यांची भाषा अजून पूर्ण सुटलेली नाही.

बाबूतात्यांचे गुडघे आता कमी चालतात आणि तोंड जास्त. त्यांना मी आप्पांदेखत टेस्टर नेमलं. मी काहीही बदललं की आधी तात्यांनी बघायचं आणि नावं ठेवायची, असा ठराव केला. पहिल्याच दिवशी त्यांनी चार बग काढले. पाचवा माझ्या शर्टाबद्दल होता.

या सगळ्यातून मी काय शिकलो? लोकांना सोय देता येते, पण तक्रार करायची हिंमत ॲपमधून देता येत नाही. ज्याच्यावर माणसांचा जीव आहे किंवा ज्याला माणसं भितात, त्यानं आपल्या कामाबद्दल त्यांना विचारू नये. 'लय भारी' हे उत्तर मिळालं, की उठून रानात जावं. आमच्या कंपनीच्या वरच्या मजल्यावरच्या लोकांनाही हे सांगावं असं वाटतं. पण ते विचारतात तेव्हा मीही 'लय भारी' असंच इंग्रजीत सांगतो.

मामांना मात्र मी त्या दिवशी निघताना बजावलं होतं, की यापुढं काही खुपलं तर थेट मला फोन करायचा. जावई-बिवई काही नाही.

दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मी मीटिंगमध्ये असताना आला.

"जावईबापू, एक बोलू? रागवनार न्हाई न्हवं?"

"बोला मामा, बिनधास्त."

"त्या ॲपातली अक्षरं लय बारीक हायती."

"करतो मोठी."

"आन् त्यो पाणी सुटल्याव वाजतोय त्यो आवाज. म्हस बुजती."

"बदलतो."

"आन्…" ते जरा थांबले. थांबायची कला त्यांनाही येते, हे मला तेव्हा कळलं. "तुमी लग्नानंतरच्या पयल्या दिवाळीला मला बूट आनलं हुतं बगा."

"हो."

"त्ये चावत्यात."

लग्नाला एकोणीस वर्षं झाली आहेत. आता नवे बूट आणलेत, एक नंबर मोठे, आठचे. यावेळी मी स्वतः जाऊन त्यांच्या पायात घालून बघणार आहे.