फोटोत न दिसलेलं दुखणं

ऐंशीच्या दशकात पांढुर्ण्याला आमच्या घरी संत्र्यांचा व्यापार होता. फळांची छटाई, म्हणजे लहानमोठी, डागाळलेली फळं वेगळी करणं, आम्ही जावाच उकिडव्या बसून करायचो. एका हंगामात धाकट्या जावेचा खुबा दुखायला लागला. उठताना तिला भिंत धरावी लागे. मी तिला पॅसेंजरने नागपूरला हाडांच्या सर्जनकडे नेलं.

त्यांनी तिचा पाय वाकवून आत फिरवला, तशी ती ओरडली. एक्स-रे पाहून ते म्हणाले, "हाड चांगलं आहे. सांध्याच्या खोबणीची मऊ किनार फाटली असावी, पण ती फोटोत दिसत नाही. गुडघ्यात दुर्बीण घालून बघतात आता, खुब्यात घालायची सोय आपल्याकडे नाही. उकिडवं बसू देऊ नका, एवढंच सांगू शकतो."

घरी सासूबाईंनी फोटो खिडकीशी धरून पाहिला, शेजारणीलाही दाखवला.

"हाड तं साबूत आहे न वो माय! मंग काहून लंगडून राहिली?"

"आत्याबाई, फाटलेलं फोटोत येत नाही, असं डॉक्टरच म्हणाले."

"नागपूरच्या मशीनले नाही दिसलं, अन् तुले दिसलं?"

मी वाद सोडला आणि छटाईच्या वेळी जावेला बसायला स्टूल आणून दिलं. शेजारीण हसली, "धाकली तं मास्तरीण झाली! सगळ्या खाली, अन् हे वर!"

जावेने स्टूल बाजूला सारलं आणि भिंत धरून खाली बसली. तिच्यापुढची संत्री मी माझ्याकडे ओढत होते, आणि सासूबाई ती परत तिच्यापुढे लोटत होत्या.