पाचवी सही करणारे नऊ जण

त्या दिवशी टॅक्सी स्टँडच्या अध्यक्षांनी सात गाड्यांत बसून पाहिलं. सहा गाड्यांत ते सरळ जाऊन बसले. सातव्या गाडीजवळ आले तेव्हा त्यांनी चपराशाच्या हातातला पेपर मागून घेतला. उघडला. सीटवर पसरला. मग बसले.

सातवी गाडी माझ्या बाबांची होती.

नगर परिषदेचं पटांगण. स्टँडच्या पाससाठी गाड्यांची तपासणी; सहा जुने पास नवे करायचे, सातवा अर्ज नवा. बाबा सकाळपासून गाडी धूत होते. सीटची पांढरी कव्हरं आईने घरीच शिवली होती. बाबा दार धरून उभे होते. ते हळूच म्हणाले, "सीट साफ आहे जी."

अध्यक्ष म्हणाले, "हो ना. तुमची सीट साफच आहे. मी आपला माह्या पँटसाठी टाकून राहिलो."

चार-पाच ड्रायव्हर हसले. बाबाही हसले.

मी तिथेच रजिस्टर घेऊन उभी होते. मी नगर परिषदेत संविदेवर, म्हणजे कंत्राटावर, कॉम्प्युटर ऑपरेटर. तपासणीची नोंद करणं माझं काम. मी लिहिलं : गाडी क्रमांक सात. आसन स्वच्छ. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं. मला त्या वेळी राग आला नाही, हे मी खरं सांगते. मला फक्त वाटलं, लवकर संपावं.

गावाचं नाव मी लिहीत नाही. हिंदी राज्याच्या कडेला, सौसर आणि पांढुर्ण्याच्या पट्ट्यातलं एक गाव समजा. संत्री, कापूस, एक बाजार, एक स्टँड. आम्ही बौद्ध. कागदावर बौद्ध, स्टँडवर अजून जुन्याच नावाने. आजोबा लोकांच्या बागेत संत्री तोडायचे. बाबांनी बावीस वर्षं एका सेठची गाडी चालवली. रामाकोन्याच्या शाळेत मास्तर पोचवले, मोहगावच्या नवऱ्या आणल्या, रात्री-बेरात्री पेशंट नागपूरला नेले. घरात बी.ए. झालेली मी पहिली. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी स्टँडवर पेढे वाटले. सगळ्यांनी घेतले. किती जणांनी खाल्ले, ते मी पाहिलं नाही. आता वाटतं, पाहायला पाहिजे होतं.

मला उपकार लवकर कळतात. स्कॉलरशिपचा फॉर्म भरून देणारे सर, पुस्तकं जास्त दिवस ठेवू देणारे ग्रंथपाल, सगळ्यांचे मी मनात पाय धरलेले आहेत. आणि बडे बाबू. नगर परिषदेचे हेड क्लार्क. त्यांनीच माझा अर्ज पुढे सरकवला होता. "लड़की होशियार है," एवढंच ते नगर परिषदेच्या मुख्य साहेबांना बोलले आणि मला खुर्ची मिळाली. अपमान मला उशिरा कळतो. ते शिकवणारं कोणी नव्हतं.

आता नियमाचं सांगते, कारण सगळं त्यातच आहे.

टॅक्सीचं परमिट परिवहन विभाग देतो. पण गाडी स्टँडवर उभी करायची तर नगर परिषदेचा पास लागतो. पास नाही तर रांगेत नंबर नाही. नंबर नाही तर सवारी नाही. पास मालकाला मिळतो, ड्रायव्हरला नाही. आमच्या स्टँडवर चौदा पासवाले. बावीस वर्षं बाबा तिथे उभे होते, पण ते चौदांत कधीच नव्हते. सेठ होता.

पांढुर्णा जिल्हा झाल्यावर कामं वाढली. वरून सांगितलं, स्टँडचे नियम लेखी करा. बडे बाबूंनी मला बोलावलं. एका पाठकोऱ्या कागदावर त्यांनी मुद्दे लिहिले होते. म्हणाले, "बेटा, तू इसको अच्छी भाषा में लिख दे." आमच्याकडे ऑफिसचं सगळं हिंदीत, घरचं मराठीत. माझी हिंदी कॉलेजात पहिल्या नंबराची. मी दोन दिवस बसून नियम लिहिले.

सातव्या मुद्द्यात बाबूंनी लिहिलं होतं, नवीन पाससाठी पाच व्यक्तींची शिफारस पाहिजे. मला ते ढिलं वाटलं. पाच व्यक्ती म्हणजे कोण? भाऊ, मेहुणा, शेजारी? असा काय नियम असतो? मी ते दुरुस्त केलं : "आवेदक को स्टैंड के पाँच वर्तमान सदस्यों की लिखित अनुशंसा प्रस्तुत करनी होगी।" म्हणजे पाच जण स्टँडचेच पाहिजेत, आजचे पाहिजेत, आणि लेखी पाहिजे.

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या मनाने केलं.

बाबूंनी ते साहेबांच्या केबिनमध्ये मोठ्याने वाचलं. म्हणाले, "देखिए सर, बच्ची ने एक छेद नहीं छोड़ा." साहेबांनी मान हलवली. मी त्या दिवशी घरी आलूबोंडे घेऊन गेले. बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं केलं. कोणीबी घुसून राहिलं होतं स्टँडवर." आम्हा दोघांनाही वाटलं, बाबांना काय, पाच सोडा, चौदाही सह्या मिळतील. बावीस वर्षं. पंक्चर झालं की हाक कोणाला? बाबांना. घाटात गाडी बंद पडली की फोन कोणाला? बाबांना.

पुढच्या वर्षी बाबांनी स्वतःची गाडी घेतली. जुनी, पण आरसीवर त्यांचं नाव. ते आरसीचं कार्ड ते शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि दिवसातून दोनदा काढून पाहायचे.

तपासणीनंतर पंधरा दिवसांत सह्या द्यायच्या होत्या. पहिल्यांदा आम्ही बंटीकडे गेलो. बंटीला गाडी बाबांनीच शिकवली. मी सोबत होते. त्याने आम्हाला ओट्यावर खुर्च्या टाकून दिल्या, चहा दिला, फॉर्म हातात घेतला, पूर्ण वाचला.

"काकाजी, तुमच्या फॉर्मवर मी सही नाही करीन त कोण करीन?"

"मंग कर ना बाबू," बाबा म्हणाले.

"करतो ना. पण पयली माही नका घेऊ. पयल्या सहीवर सगळ्याइची नजर राहते. चार घेऊन या. पाचवी माही पक्की."

बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलंही. रस्त्यात मला म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. पोरगा आहे, त्याले धंदा करायचा आहे."

मग ते एकटे फिरले. फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत. कोणी म्हणालं, मोठ्याची घ्या, मग माझी. कोणी म्हणालं, अध्यक्षाची घ्या, मग पाहा कसे धावत येतात सगळे. एकाने गाडीखाली घुसून बोलणं केलं, बाहेर आलाच नाही. फक्त त्याच्या चपला दिसत होत्या, आणि बाबा त्या चपलांशी बोलत होते. एक जण म्हणाला, "दादा, आता तुमचे दिवस घरी आराम करायचे. पोरगी ऑफिसर झाली ना!" कोणीही नाही म्हणालं नाही. हे लक्षात घ्या. एकानेही तोंडावर नाही म्हटलं नाही.

बाराव्या दिवशी बाबा जेवायला बसले आणि हसायला लागले. आई घाबरली. बाबा म्हणाले, "मोजलं मी. पाचवी सही करणारे नऊ जण आहेत. पयली करणारा एक पाहिजे फक्त."

मी नाही हसले. त्या ताटासमोर मला पहिल्यांदा दिसलं, मी काय लिहून ठेवलं होतं. बाबूंच्या ढिल्या वाक्यात बाबांचा पास बसत होता. शाळेच्या मास्तरांनी सही दिली असती. ज्याच्या आईला बाबांनी नागपूरला वेळेवर पोचवलं, त्या दुकानदाराने दिली असती. पाच व्यक्ती गावात होत्या. ते छिद्र मी बुजवलं. शाबासकीसाठी.

शेवटी आम्ही अध्यक्षांकडे गेलो. ते खाटेवर बसले होते, मोबाईल पाहत. वर न बघता म्हणाले, "मी काही मानत नाही जी. माह्या मनात काहीच नाही. पण गिऱ्हाईक इचारते ना. नवी नवरी न्यायची राहते. देवीच्या दर्शनाले जायचं राहते. लोक इचारतेत, गाडी कोनाची? मी काय सांगू?"

बाबा म्हणाले, "बावीस वर्षं त्याइले मीच नेलं जी. नवऱ्याही अन् देवीलेही."

"तवा गाडी सेठची होती ना."

एवढंच. पुन्हा मोबाईल.

मी घरी येईपर्यंत ते वाक्य चघळत होते. बाबांचे हात चालत होते. बाबांची झोपमोड चालत होती. त्यांचं नाव आरसीवर आलं आणि चालेनासं झालं. आम्ही चालवू शकतो. आमचं असू शकत नाही. बी.ए.ला तीन वर्षं मी समता, न्याय, बंधुता यांवर उत्तरं लिहिली. पंधरापैकी तेरा मार्क. हे एक वाक्य मला कोणत्याही पेपरात आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी बडे बाबूंनी मला बाजूला घेतलं. आवाज अगदी मऊ. "बेटा, अध्यक्ष अपने आदमी हैं. तेरे पिताजी उनकी तीसरी गाड़ी चला लेंगे. रोज़ का काम पक्का. बस आवेदन वापस ले लें. इज़्ज़त भी रह जाएगी. तू ही दो लाइन लिख दे, तेरी भाषा अच्छी है." मग थोडं थांबून म्हणाले, "मार्च में तेरा भी नवीनीकरण है."

मी टाईप केलं. हे लपवत नाही. "मैं स्वेच्छा से अपना आवेदन वापस लेता हूँ।" प्रिंट काढला आणि बाहेर गेले. बाबा पटांगणात गाडीजवळ उभे होते. कागद दिला. त्यांनी वाचला. हिंदी ते हळू वाचतात, ओठ हलवत. "स्वेच्छा से" तिथे थांबले. मला वाटलं, विचारतील. त्यांनी खिशातून पेन काढला, कागद बॉनेटवर ठेवला.

"बाबा, तुमची इच्छा आहे?"

"माही इच्छा जाऊ दे. तुही नौकरी राहीन."

"मी काय विचारून राहिली?"

पेन उघडा. बॉनेटवर ऊन तापलेलं. मग म्हणाले, "नाही. इच्छा नाही."

मी कागद काढून घेतला.

आत जाऊन बाबूंच्या टेबलावर ठेवला, सहीशिवाय. मी म्हणाले, "ये झूठ है सर. मैं नहीं लिखूँगी. आप आवेदन रद्द कीजिए और कारण लिखकर दीजिए." बोलणं काही फार धारदार झालं नाही. बाबूंनी चष्मा काढला. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं, ते मी पाहिलं. म्हणाले, "तुझे कुर्सी पर किसने बिठाया था, भूल गई?"

भूली नहीं थी. तेच तर अवघड होतं.

दोन दिवसांनी बाबांना पत्र मिळालं. कारण लेखी दिलं होतं. कारणात माझंच वाक्य होतं, नियम सात, जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता. ते कोणीतरी दुसऱ्याने टाईप केलं होतं. बाबांनी मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

मार्चमध्ये माझी संविदा संपली. नवीन झाली नाही. कोणी काढलं नाही मला. फक्त यादीत नाव नव्हतं.

मी पांढुर्ण्याला कलेक्टर ऑफिसच्या जनसुनवाईत, लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, तीनदा गेले. मंगळवार, लांब रांग, हातात टोकन. अर्जात मी लिहिलं की नियम सातचं वाक्य मी लिहिलं आहे, ते माझी चूक आहे, आणि ती चूक माणसं बाहेर ठेवायला वापरली जात आहे. समोरच्या मॅडमनी वाचलं. विचारलं, "आप आवेदक हैं या नियम बनाने वाली?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी शिक्का मारला, पावती दिली. "जाँच हेतु प्रेषित." चौकशीला पाठवलं कुठे? आमच्याच नगर परिषदेला. तीन पावत्या आहेत माझ्याकडे. फोन एकदाही आला नाही.

बाबा आता फाट्यावर गाडी उभी करतात, स्टँडपासून लांब. तिथे झाड नाही, नळ नाही. कधी सवारी मिळते, कधी दिवसभर नाही. बंटी जाताना हॉर्न देतो. बाबा हात वर करतात. मला वाटायचं, बाबांनी हात वर करू नये. आता तेही वाटत नाही. त्यांनी कोणाकोणाशी बोलणं सोडावं?

हे लिहून मला हलकं वाटत नाही. वाचणाऱ्यांनी मला धीट म्हणू नये. मी धीट असते तर रजिस्टरमध्ये दुसरं काही लिहिलं असतं. मला अजून भीती वाटते. साहेबांची जीप दिसली की मी गल्ली बदलते.

पण मी ठरवलं आहे आणि बाबांना सांगितलं आहे. सोमवारपासून गाडी फाट्यावर जाणार नाही. चौदा गाड्यांच्या मागे, पंधराव्या जागी उभी राहणार. पास नाही, नंबर नाही, सवारी बहुतेक मिळणार नाही. बाबा म्हणाले, "उचलून नेतीन."

पहिल्या दिवशी नेतील. दुसऱ्या दिवशी आम्ही सोडवून आणू आणि तिथेच लावू. मी पुढच्या सीटवर बसणार आहे, दार आतून लावून, रोज. उचलायची तर मला धरून उचला. आणि उचलताना सगळ्या गावासमोर मोठ्याने सांगा, ही गाडी कोणाची आहे म्हणून उचलता.