उचललेल्या फोनचा निरोप

नव्वदच्या दशकात मी मध्य प्रदेशातल्या देवासच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कनिष्ठ अभियंता म्हणून रुजू झाले, तेव्हा श्री. वसंतराव कानडेसाहेब जमिनीवर मांडी घालून केबल तपासत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "मराठी वाचता येतं ना? माझ्या सगळ्या नोंदी मराठीत आहेत." तिथून त्यांचं शिष्यत्व सुरू झालं.

साहेबांची यंदा षष्टिपूर्ती, आणि निवृत्तीही. त्यांचा गौरव करताना मला माझी एक चूक सांगावी लागेल.

दोन हजारनंतर परदेशातून इंटरनेटवरून केलेले फोन आपल्या साध्या फोनवर येऊ लागले. आमच्याच कार्यकक्षेतल्या धारला सुमतीबाई या निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. परदेशातल्या मुलाचा फोन वाजे, त्या उचलत, पण पलीकडे शांतता. "तो माझ्यावर रागावलाय," असं त्या म्हणू लागल्या. वरिष्ठांनी ठरवलं की लाइनमन मांगीलालचा हलगर्जीपणा आहे. त्याच्याविरुद्धचा अहवाल मी टाईप केला. मांगीलाल एवढंच म्हणाला, "साब, लाइन तो बराबर है."

अहवालावर कानडेसाहेबांची सही लागायची, ती त्यांनी केली नाही. "आधी मला बघू द्या," म्हणाले.

दोन एक्स्चेंज आपसात निरोप देतात: घंटी वाजली, फोन उचलला, ठेवला. इंटरनेटची भाषा वेगळी, म्हणून मध्ये दुभाष्याचं काम करणारं यंत्र असतं. ते यंत्र बसवणारी कंपनी म्हणे, दोष तुमचा. आमचे वरिष्ठ म्हणत, दोष लाइनमनचा. साहेब दर आठवड्याला इंदुरात बस बदलून धारला जात, दोन्हीकडचे निरोप ओळीने ताडून पाहत. कित्येक महिने हेच चाललं. त्यांचे डोळे सुजलेले असत, आवाज बसलेला. शेवटी सापडलं: 'फोन उचलला' हा निरोप ते यंत्र पुढे पाठवतच नव्हतं. त्यामुळे बोलण्याची वाट उघडत नसे. मुलाला नुसती घंटी ऐकू येई. त्याला वाटे, आई मुद्दाम उचलत नाही.

कंपनीने दुरुस्ती केली त्या दिवशी साहेब, मांगीलाल आणि मी सुमतीबाईंच्या घरी होतो. फोन वाजला. त्यांनी उचलला आणि पलीकडून "आई?" असं ऐकताच म्हणाल्या, "अरे, मी रोज उचलत होते रे."

साहेब अंगणात जाऊन उभे राहिले. मी सोबत आणलेला तो अहवाल फाडला आणि मांगीलालची माफी मागितली. तो म्हणाला, "छोड़ो मैडम. साहब को बैठने को कुर्सी दो."

वरिष्ठांना चूक ठरवणाऱ्या त्या हट्टापायी साहेबांची दूरच्या खातेगावला बदली झाली. पदोन्नतीही हुकली. मी चिडले, तर म्हणाले, "दमलोय गं. पण मांगीलालची नोकरी टिकली ना?"

साहेब, तुमच्या थकव्याला आम्ही फार काळ गृहीत धरलं. आता तुम्हाला दीर्घ, निरोगी आयुष्य लाभो, दुपारची झोप निवांत मिळो, आणि कुठलंही एक्स्चेंज बंद पडलं तरी तुम्हाला कोणी उठवू नये.