मेजर शुभाचं कपाळ

शुभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरगूडच्या बाजारात कोथिंबिरीवरून घासाघीस करत होते. बर्फात अडकलेल्या आपल्या जवानांना खाली आणायला ती स्वतः वर गेली होती. सगळे सुखरूप उतरले. सगळ्यांत शेवटी उतरताना तिची गाडी दरीत कोसळली... मेजर शुभांगी, माझी बालवाडीपासूनची मैत्रीण.

सांत्वनाला आलेल्यांची बडबड ऐकून माझं डोकं फिरलं. "बाईमानसानं कशाला म्होरं जायाचं? हाताखाली मानसं न्हाईत व्हय?" हेच एखाद्या पुरुषाने केलं असतं, तर चौकाचौकात 'वाघ' म्हणून फलक लागले असते. बाईने केलं की हट्टीपणा. तिला हे नवीन नव्हतं. फौजेतही ती रागावली की चिडकी आणि शांत राहिली की कच्ची. सुटीवर आली की पापड भाजता भाजता सांगायची, आणि एखादा हमखास करपायचा. तिचे वडील आबा स्वतः निवृत्त हवालदार. तेही एकदा जेवताना म्हणाले, "पोरं तुझी आर्डर मनापासनं ऐकत्यात, का खांद्यावरचा बिल्ला बघून?"

"तुमी कुनाची मनापासनं ऐकली, आबा?" शुभा म्हणाली. आबा भाकरी मोडत राहिले.

तिरंग्यातली पेटी अंगणात आली. ती उघडताच "सवाष्ण गेली, भाग्याची गं," म्हणत बायका हिरवी साडी आणि कुंकू घेऊन सरसावल्या. सोबत आलेल्या सुभेदारांनी हात जोडले. "मावशी, वर्दी राहू द्या. यांच्यामुळं आम्ही जिवंत आहोत." कोणी ऐकलं नाही. मी ओरडले, तर मलाच मागे ओढलं. वर्दीवर साडी पांघरली, कपाळभर मळवट भरला. तिचा नवरा खांबाला टेकून नुसता रडत होता.

आता आबांच्या सोप्यात भिंतीवर तिचा वर्दीतला फोटो आहे. तिची आई, आमच्या काकी, रोज आंघोळ झाली की त्याच्या काचेवर कुंकू लावतात. लेकीचं मोकळं कपाळ त्यांना बघवत नाही, त्यांना तरी काय बोलावं... त्या डेअरीला दूध घालायला गेल्या की आबा उठतात आणि खांद्यावरच्या टॉवेलाने काच पुसतात. परवा माझ्यासमोरच पुसली. मी काही विचारलं नव्हतं.

"परेडला अशी हुभी ऱ्हाईल व्हय ती?" तेच म्हणाले. "रागवंल मला."

काकी परत आल्या. काचेकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि कुंकू आणायला आत गेल्या.